टॅब आठ इंची घ्यावा की दहा?

“आणि ते मध्येच विझलं तर?”

भामाईंनी असं विचारलं आणि केतकी पोंक्षे अडली.

दोन एसट्या बदलून, घाटाच्या पायऱ्या गुडघे सांभाळत उतरून ती इथवर आली होती. नदीकाठच्या रामाच्या देवळामागं भामाईंची ओवरी. वाटेत तिनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं जुळवून ठेवली होती. वजन किती, अक्षर केवढं दिसतं, स्टँडवर कसा बसतो, पडला तर फुटतो का. एवढा अभ्यास तिनं बीएला केला असता तर आज कुठल्यातरी कॉलेजात प्राध्यापक असती.

विझलं तर... हे मात्र राहूनच गेलं होतं.

“चार्जिंग करून न्यायचं, माई.”

“आणि तुझ्या आत्ताच्या फोनचं काय?”

“त्याचं चार्जिंग टिकत नाही आता. म्हातारा झालाय.”

“हं.” भामाई म्हणाल्या. “म्हातारं झालं की बदलायचं.”

हे टोमण्यानं होतं की सहज, ते केतकीला कळलं नाही. भामाईंचं तसं कधीच कळत नसे.

केतकी कीर्तनकार होती. कृष्णाकाठच्या गावांत तिचं नाव होतं. नाव होतं म्हणजे काय, तर देवळाबाहेरच्या फळ्यावर आधी प्रसादाची वेळ लिहीत, त्याखाली ‘सुश्राव्य कीर्तन’ लिहीत आणि जागा उरली तर तिचं नाव. फ्रॉकमध्ये असल्यापासून ती भामाईंकडं शिकली. बाकीच्या मुली लग्न करून गेल्या, एक बँकेत लागली. उरली ती केतकीच. हे ती लोकांना फार नम्रपणे सांगायची. इतक्या नम्रपणे, की ऐकणाऱ्याला तिच्या मोठेपणाबद्दल शंका राहू नये.

भामाईंच्या तालमीत कागदाला मनाई होती. एका हातात चिपळ्या, दुसरा हात मोकळा, आणि सांगायचं ते सगळं तोंडपाठ. एकदा लहानग्या केतकीनं तळहातावर बॉलपेननं साकी लिहून आणली होती. साकी म्हणजे कीर्तनातली गोष्ट पुढं नेणारं चार चरणांचं छोटं पद. भामाईंनी तिला घाटावर नेलं, पाण्यात हात चोळून धुवायला लावले आणि म्हणाल्या, “आता म्हण.”

तिनं म्हटली. शाई गेली होती, साकी गेली नव्हती.

तेव्हाची गोष्ट ही.

अशा बाईंना टॅबचं विचारायचं म्हणजे सोवळ्यातल्या आजीला ‘आम्लेटात कांदा किती घालू’ असं विचारण्यासारखं. केतकीला हे कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर ती आली होती.

“भाचा म्हणतो, आठ इंची घे मावशी, पर्समध्ये मावतो. पण आठ इंचीत फोनपेक्षा असं कितीसं जास्त दिसणार? आणि दहा इंची स्टँडवर ठेवला, की समोरच्यांना माझं तोंड दिसत नाही.”

“मग बरंच आहे की.”

“माई...”

“अगं, लोकांना नुसतं ऐकू दे.”

केतकी हसली. भामाई हसल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर घोंगडी, गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करा म्हटलं की म्हणायच्या, पाहून काय नवीन दिसणार आहे?

“फोनवर बघून कधीपासून करतेस?”

केतकीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“चैत्रापासून.”

चैत्रात भर उत्सवात ती द्रौपदीचं आख्यान करत होती. सभामंडप भरलेला. द्रौपदी कृष्णाला हाक मारायला तोंड उघडते, आणि केतकीच्या तोंडात काही येईना. अडखळली असं नव्हे. अडखळायला शब्द तर हवेत. आपल्याच घरात शिरावं, भांडीकुंडी जागच्या जागी, दोरीवर कपडे वाळतायत, आणि माणूस एक नाही... तसं झालं.

मग तिनं केलं ते सगळेच कीर्तनकार करतात. ही आतली गोष्ट, श्रोत्यांना सांगायची नसते. पद विसरलं की डोळे मिटायचे, हात वर करायचे आणि नामाचा गजर सुरू करायचा. श्रीराम जय राम जय जय राम. पेटी धावते, तबला धावतो, लोक टाळ्या धरतात. तेवढ्यात आपण आत शोधाशोध करायची. सापडलं की हात खाली.

त्या दिवशी हात खाली आले ते खांदे भरून आले म्हणून.

“सापडलं नाही?” भामाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग गं?”

“मग काय! हाक न मारताच कृष्णाला बोलावलं. आला बिचारा. त्याला सवय आहे.” केतकीनं आवाज हलका ठेवला. “आणि लोक रडत होते, माई. अध्यक्ष म्हणाले, ताई, आज नामाला काय रंग चढला!”

भामाई ऐकत होत्या.

“तेव्हापासून फोन ठेवते समोर. सगळी आख्यानं बसून बसून टाइप केली. जी आठवली ती. परवा एका गावात मध्येच पाटील हार घेऊन उठले, त्यांना दिसायचं कमी. त्यांनी हार माझ्याऐवजी स्टँडला घातला.”

“कुणाला?”

“स्टँडला. आणि त्या झेंडूनं फोनवरचं पान सरकलं. मी आपली रुक्मिणीचं हरण करत होते, पाहते तर समोर द्रौपदी.”

“मग काय केलंस?”

“काही नाही. रुक्मिणी भरसभेत गेली. कुणी काही म्हणालं नाही. दोन्हीकडं कृष्णच धावत येतो ना.”

आता मात्र भामाईंच्या पोटात हसू हललं. घोंगडी थरथरली. मग ती थांबली.

“डॉक्टरला दाखवलंस?”

हे विचारू नये अशी केतकीची इच्छा होती.

“दाखवलं.”

“काय म्हणाला?”

“डोक्याचा फोटो काढला. म्हणाले, तुमच्या वयाच्या मानानं लवकर आहे. गोळ्या दिल्यात. म्हणाले...” तिनं ओढणी सोडली. “म्हणाले, आहे ते सांभाळू. गेलेलं परत येईल असं धरून चालू नका.”

ओवरीच्या दाराशी एक कबुतर येऊन गेलं.

“मग तू का धरून चाललीयेस?” भामाईंनी विचारलं.

“मी कुठं...”

“टॅब घ्यायचा तर दुकानात जातात. माझ्याकडं कशाला आलीस?”

तेवढ्यात हौसाबाई चहा घेऊन आली. हौसाबाई म्हणजे देवळाच्या गुरवाची बायको. भामाईंचं जेवणखाण तीच बघायची. देवळातल्या सगळ्या उत्सवांवर, सगळ्या कीर्तनकारांवर आणि सगळ्यांच्या साड्यांवर तिचं मत असायचं.

“लाइट न्हाई सकाळधरनं. मंगळवार हाय न्हवं, सांजंला येतीया. पंखा न्हाई, काय न्हाई. घ्या ताई, गार व्हईल.” तिनं कप ठेवले आणि दारातच फतकल मारली. “ताई, आमच्या भावजयीनं तुमचं कीर्तन ऐकलं की वो. म्हनली, काय बाई गजर करतीया! आख्यान इवलंसं, निस्तं नामच नाम. म्हनली, ही बाई पोचल्याली हाय.”

केतकीनं चहात बघितलं.

“म्या म्हनलं, पोचनार न्हाई तर काय! कुनाची चेली हाय! माईंचं शेवटचं कीर्तन ऐकलंय का तू? म्या ऐकलंय. ह्या रामाफुडं. माईंनी हात वर केलं ते केलं. सूर्य मावळाय आला तरी खाली न्हाईत. समदा गाव उभा ऱ्हायला. माझा मालक, त्यो कवा देवाफुडंसुदिक रडला न्हाई, त्यो रडला. आन् माई बोलनंच इसरल्या. फुडं म्हैनाभर मौन! देवच आला व्हता अंगात, दुसरं काय.”

“हौसे,” भामाई म्हणाल्या, “कपात साखर विसरलीस.”

“अगं बया!” म्हणत हौसाबाई उठली ती देवळाकडं गेली, आणि तिकडं कुणाशी तरी बोलायला लागली. साखर काही आली नाही.

केतकी मात्र आता सरसावून बसली.

कारण हौसाबाईनं म्हटलं तेच तिच्या मनात होतं. ती होती तिथं त्या दिवशी. झांज धरून मागं उभी होती. भामाईंचे हात वर गेलेले, डोळ्यांतून धारा, गजर चढत चाललेला. त्यानंतर भामाईंनी पुन्हा कीर्तन केलं नाही. आता करायचं काही उरलं नाही, असं लोक म्हणाले. केतकी तर आजवर प्रत्येक पूर्वरंगात, आख्यानाआधीच्या निरूपणात, हा दाखला देत आली होती. आमच्या माईंचं असं झालं, बरं का. शब्द गळून पडले आणि नाम तेवढं राहिलं. हे सांगताना तिचा स्वतःचाच गळा दरवेळी नेमक्या जागी दाटून यायचा. सरावानं.

“माई,” ती म्हणाली, “रागावू नका. पण मला कधीकधी वाटतं...”

“काय?”

“तो डॉक्टर आहे. त्याला फोटोत दिसतं तेवढंच दिसतं. पण तुमचंही असंच झालं होतं ना? आधी शब्द गेले. मग नुसतं नाम. तर मला वाटतं... म्हणजे माझी लायकी नाही, ते ठाऊक आहे मला... पण कदाचित हे जाणं नसेल. येणं असेल.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी ती थांबली नाही.

“तुम्ही म्हणालात ‘टॅब घेऊ नकोस’, तर मी नाही घेणार. स्टँडही देऊन टाकीन. जाऊ देईन जायचं ते.”

भामाईंनी चहाचा घोट घेतला. बिनसाखरेचा चहा, पण त्यांचा चेहरा बदलला नाही.

“त्या दिवशी आख्यान कुठलं होतं गं?”

“तुमचं? ध्रुवाचं.”

“सांग.”

“मी?”

“साधं सांग. गोष्ट सांगतात तसं. मला ऐकायचंय.”

गोष्ट कुणाला ठाऊक नाही? केतकीनं सांगितली. राजाच्या मांडीवर बसलेला पाच वर्षांचा ध्रुव. सावत्र आई त्याला खाली ढकलते. राजा काही बोलत नाही. सख्ख्या आईच्या हाती रडण्यापलीकडं काही नाही. पोर उठतं आणि रानात जातं. एका पायावर उभं राहतं. देव येतो, देतो ते देतो.

“मग?”

“मग ध्रुव घरी यायला निघतो. रान संपतं. नगराची वेस दिसते. आणि...” केतकी आता गोष्ट सांगत नव्हती, पाठ म्हणत होती. हे सगळं भामाईंचंच, त्यांच्या गुरूंकडून आलेलं, दुसऱ्या कुणाच्या कीर्तनात नसलेलं. “आणि वेशीपाशी येऊन पोर थबकतं. पाय उचलत नाही. ज्या घरानं मांडीवरून ढकललं त्या घरात आपणहून कसं शिरायचं? देव भेटला खरा, पण घरात बोलवायला आईच लागते. तो वाट बघतो. मग आई धावत येते, साकी म्हणते, आणि साकीच्या चौथ्या चरणाला पोर वेशीच्या आत पाऊल टाकतं.”

“त्या दिवशी टाकलं?”

“काय?”

“पाऊल. त्या दिवशी पोरानं वेशीच्या आत पाऊल टाकलं?”

केतकीनं आठवून बघितलं. डोळ्यांसमोर वर गेलेले हात आले, धारा आल्या, गाव उभा राहिलेला आला.

“नाही... तिथंच गजर सुरू झाला.”

“आणि गजरानंतर?”

“आरती.”

केतकीनं हातातला कप खाली ठेवला.

“माई...”

“किती शोधली मी,” भामाई म्हणाल्या. “हात खाली घ्यायची भीती वाटत होती. खाली घेतले की सगळे माझ्या तोंडाकडं बघणार. लोक रडायला लागले, तशी मीही रडले. त्यांना वाटलं, त्यांना दिसतंय तेच मला दिसतंय. मला काही दिसत नव्हतं. एक पोर दिसत होतं. वेशीबाहेर उभं. माझ्या तोंडाकडं बघत.”

“पण ते मौन...”

“मौन कसलं, केतके! तोंड उघडलं तर विचारतील, पुढं काय झालं.”

केतकीला पहिल्यांदा आठवले ते स्वतःचे पूर्वरंग. एवढ्या गावांतून, एवढ्या माइकवरून, दाटल्या गळ्यानं सांगितलेला तो दाखला. हसावं की काय करावं कळेना. भाविकांनी डोळे पुसले होते. तिनं स्वतः पुसले होते. आणि ज्या शिखराकडं बघत आपण चढतोय असं तिला वाटत होतं, ते शिखर नव्हतंच. तो खड्डा होता, आणि ती त्यात आधीच उतरली होती.

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलंस कधी? तू पाया पडलीस.”

नदीवर कुणीतरी कपडे धूत होतं. धोपटण्याचा आवाज जरा उशिरा येत होता.

“ती साकी,” भामाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. “आईच्या तोंडची. मला अजून आली नाही. रोज संध्याकाळी बसते. आधीचं सगळं येतं, नंतरचं येतं. तेवढीच येत नाही. तुला दिली होती मी. तू एकटीच राहिलीस जिला दिली. तुला येते?”

“येते की!” केतकी चटकन म्हणाली.

“म्हण.”

केतकीनं पाठ ताठ केली. घसा साफ केला. सूर धरला. सूर अगदी बरोबर लागला.

“ये रे...”

ये रे.

“ये रे...”

चैत्रातलं ते घर पुन्हा उघडलं. भांडी जागेवर. दोरीवर कपडे. तिनं एकेका खोलीत डोकावून पाहिलं. आणि तिला कळायच्या आत डोळे मिटले, हात आपोआप वर गेले, आणि तोंडातून निघालं, “श्रीराम जय राम...”

भामाईंनी पुढं वाकून तिच्या तोंडावर तळवा दाबला.

घट्ट दाबला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. हाताला तुळशीचा आणि अमृतांजनाचा वास होता.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नावाच्या आड लपू नकोस. पोर उन्हात उभं आहे तिथं.”

केतकीचे हात वरच राहिले होते. तिनं ते हळूच खाली घेतले. एवढी लाज तिला तळहातावरची शाई धुतानाही वाटली नव्हती.

भामाईंनी हात काढला.

“फोनमध्ये आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे. असावी.”

“काढ.”

केतकीनं फोन काढला. बॅटरीचं चिन्ह लाल झालेलं. ध्रुवाचं आख्यान सापडायला वेळ लागला, कारण त्याचं नाव काय दिलं होतं ते आठवेना. शेवटी सापडलं. अक्षर मुंग्यांसारखं. चष्मा कपाळावर घेतला, नाकावर घेतला, फोन लांब धरला, जवळ धरला. भामाईही सरकत जवळ आल्या. मोतीबिंदूनं काही दिसणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी डोळे बारीक करून बघत होत्या.

“मोठं नाही का होत?”

“होतं. पण मोठं केलं की मावत नाही.”

तिनं दोन बोटांनी अक्षर मोठं केलं. आता वाचता येत होतं, पण काचेवर दोनच शब्द राहत होते. बाकीची ओळ काठाबाहेर. सरकवलं की आधीचे शब्द जायचे.

“ये रे...” तिनं वाचलं. सरकवलं. “बाळा...”

“ये रे बाळा,” भामाई म्हणाल्या.

“पाय...” सरकवलं. फार सरकलं. मागं आणलं. “धुऊ दे.”

“ये रे बाळा, पाय धुऊ दे.” भामाईंचा हात घोंगडीवर ताल धरायला लागला. “पुढं?”

“काटे... कितितरि...” पुन्हा बोट. “रुतले.”

“काटे कितितरि रुतले!” भामाईंचा चेहरा उजळला. ओवरीत त्या दोघींशिवाय कुणी नसताना त्या कुणाकडं तरी बघून म्हणाल्या, “रुतले, होय रे...” आणि लगेच केतकीच्या दंडाला धरून, “चल, चल. थांबू नकोस.”

“देव... भेटला...”

“देव भेटला...”

“तुजला... परि रे...”

“देव भेटला तुजला परि रे!” भामाईंनी ओळ गळ्यात घेतली. आवाज फाटलेला होता, पण सूर जागचा हलला नव्हता. ‘परि रे’वर त्या थांबल्या. तो शब्द त्यांनी ताणून धरला, पायरीवरून कुणाला तरी हात द्यावा तसा. “परि रे... परि रे... पुढं? पण काय गं? देव भेटला, पण काय?”

केतकीनं बोट सरकवलं.

काच काळी झाली.

तिनं बाजूचं बटण दाबलं. दाबून धरलं. फोन दोन्ही तळहातांत घेऊन, थंडीत कुणाला ऊब द्यावी तसा चोळला. त्या काळ्या काचेत तिला दोन बायका दिसल्या, एक म्हातारी आणि एक होऊ घातलेली. दोघींची तोंडं उघडी.

“संध्याकाळी लाइट येईल, माई,” ती घाईनं म्हणाली. “आल्या आल्या लावते. चौथा चरण आहेच त्यात. मी टाइप केला होता. मी...”

ती थांबली.

केला होता का?

ती साकी टाइप केली तो दिवस तिला आठवत होता. स्वयंपाकघरातला ओटा आठवत होता, उतू गेलेलं दूध आठवत होतं. तिसऱ्या चरणापाशी येऊन थांबल्याचं आठवत होतं. ‘चौथा नंतर लिहू’ असं म्हणाली होती... की लिहून मगच गॅस बंद केला होता? दूध आठवत होतं. बाकी काही आठवत नव्हतं.

भामाईंनी तिच्याकडं बघितलं. मोतीबिंदूमागून त्यांना काय दिसलं कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही.

मध्येमध्ये भामाईंचे ओठ हलत. देव भेटला तुजला परि रे. मग थांबत. देवळातून हौसाबाईचं हसू ऐकू आलं.

“माई,” केतकी म्हणाली. आता तिच्या आवाजात ना कीर्तन होतं ना चेष्टा. “तुम्ही मला नाही म्हणा ना.”

“कशाला?”

“टॅबला. ‘घेऊ नकोस’ म्हणा. हात धुवायला लावा. ‘आता म्हण’ म्हणा. मी बसेन पाठ करत. पहिल्यापासून बसेन.”

“आणि ते राहील?”

केतकीनं काळ्या काचेवरून अंगठा फिरवला.

“राहील, केतके?”

“नाही.”

“मग घे.”

एवढंच म्हणाल्या. ना रागानं, ना मायेनं. मंडईत शेजारीण एखादी भाजी बघून म्हणते तसं. आणि केतकीला कळलं, की दोन एसट्या बदलून ती हेच न ऐकण्यासाठी आली होती. डॉक्टर म्हणाला तेव्हा वर अजून एक कोर्ट होतं. आता नव्हतं.

तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. बराच पुसला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि दुसरं काही सुचेना म्हणून, जिथून सुरुवात केली होती तेच विचारलं.

“आठ इंची घेऊ, की दहा?”

भामाईंनी दोन्ही हात घोंगडीतून बाहेर काढले. ओंजळभर अंतरावर धरले. तेवढं त्यांना पुरेसं वाटलं नाही. हात आणखी लांब केले. मग आणखी. दाराबाहेर घाटाच्या पायऱ्या उन्हात होत्या. तिकडं बघत त्यांनी हात तसेच, उचलून घ्यायला पसरतात तसे, धरून ठेवले.

“पोर मावेल एवढा घे.”